पावती असेल तर परत करा : अमेरिकेतल्या मराठी बेसबॉल-प्रेक्षकांना खुलं पत्र

मंडळी,
स. न. वि. वि.

पत्र अटलांटाहून लिहितेय, पण ते फक्त अटलांटाकरांसाठी नाही. न्यू जर्सीहून ट्रेन बदलत यांकी स्टेडियम गाठणारे, शिकागोत रिग्लीच्या उन्हात बसणारे, फिलाडेल्फियात घसा बसेस्तोवर ओरडणारे, असे जे जे क्रिकेट अंगात मुरवून इकडे आले आणि हळूहळू या खेळाच्या नादी लागले, त्या सगळ्यांसाठी आहे. दरवर्षी जुलै सरता सरता संघांमध्ये खेळाडूंची देवाणघेवाण, म्हणजे ट्रेड, होते. फॉर्म गेलेला एखादा हिटर बॅग घेऊन आपल्या गावात उतरतो, आणि आपण आठवड्याभरात त्याचा निकाल लावून मोकळे होतो. त्याबद्दल हे पत्र.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ट्रुइस्ट पार्क, आमच्या अटलांटा ब्रेव्ह्जचं मैदान, ऑगस्टमधली संध्याकाळ, शर्ट पाठीला चिकटलेला. नव्याने आलेला एक हिटर (नाव लिहीत नाही, बिचाऱ्याला आपण पुरेसं ऐकवलंय) तिसऱ्यांदा बाद होऊन डगआऊटकडे निघाला आणि माझ्या मागच्या रांगेतून खणखणीत मराठीत आवाज आला, "अहो, तिकडे चालत नव्हता म्हणून तर दिला त्यांनी! पावती असेल तर परत करा!" आख्खी रांग हसली. मीही हसले. मग मांडीवरच्या वहीकडे लक्ष गेलं.

मी सामना बघताना स्कोअरबुक लिहिते. मुलगा लिटल लीगमध्ये खेळायचा तेव्हा लागलेली सवय. तो कॉलेजात गेला, वही माझ्याकडे राहिली. प्रत्येक हिटरच्या दर अ‍ॅट-बॅटला (फलंदाजीच्या पाळीला) एक चौकोन, चौकोनात मैदानाचा छोटा हिरा, कोपऱ्यात बॉल (आवाक्याबाहेर टाकलेला, न मारलेला चेंडू) आणि स्ट्राइक (चुकवलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू) यांचे ठिपके. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की तो स्ट्राइकआऊट, त्याला इंग्रजी के लिहायचा. बॅट न हलवता उभ्या उभ्या बाद झाला तर तोच के उलटा काढायचा. वहीत उलटे के वाढायला लागले की समजावं, माणसाला चेंडू तरी दिसत नाहीये किंवा स्वतःवर भरवसा राहिलेला नाही.

या गृहस्थांच्या तीन चौकोनांत एकही उलटा के नव्हता. पहिल्यात सणसणीत लाइन ड्राइव्ह, सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात. दुसऱ्यात शॉर्टस्टॉपकडे साधा ग्राउंडर. तिसऱ्यात स्ट्राइकआऊट, पण नऊ पिच (चेंडू) टाकल्यावर, त्यात चार फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके). पिचरला घाम फोडून तो बाद झाला होता. दुसऱ्या दिवशी बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, काय छापून येणार? चारात शून्य, म्हणजे चार अ‍ॅट-बॅट आणि एकही हिट नाही (चौथा चौकोन शेवटी सांगते). आणि आपल्या ग्रुपवर काय येणार, ते तुम्हाला माहीत आहेच.

पोटापाण्यासाठी मी एका विमा कंपनीत जोखमीचे आकडे बघते, त्यामुळे घरी आल्यावर गप्प बसवलं नाही. समजा एखाद्या हिटरची खरी कुवत .२७० आहे, म्हणजे हजार अ‍ॅट-बॅटमध्ये २७० हिट (बेस गाठून देणारे फटके). चांगला, बऱ्यापैकी खेळाडू. नव्या संघात त्याचे पहिले वीस अ‍ॅट-बॅट झाले. त्यात त्याला तीन किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता किती? साधारण १७ टक्के. दर सहा जणांत एक. त्याचं काहीही बिघडलेलं नाही, तोच हात, तीच नजर, आणि तरी पहिल्या आठवड्यात अ‍ॅव्हरेज .१५० किंवा त्याच्याही खाली. तीस संघ, दर जुलैत इकडून तिकडे जाणारे कितीतरी हिटर. म्हणजे दरवर्षी दोन-चार जणांच्या वाट्याला ही सुरुवात निव्वळ फाशांनी येणारच.

दुसरा हिशेब तर शाळेतल्या मुलालाही जमेल. ५०० अ‍ॅट-बॅटमध्ये .२५० आणि .३०० यांतला फरक २५ हिटचा. मोसम साधारण २६ आठवड्यांचा. म्हणजे सामान्य खेळाडू आणि ज्याला आपण स्टार म्हणतो तो, यांच्यात आठवड्याला एका हिटचंही अंतर नाही. आणि हे अंतर आपण नाचो खाता खाता, एका शनिवारी, वरच्या मजल्यावरून ओळखणार!

आता मूळ प्रश्न. संघ बदलल्यावर हिटर सावरतो का?

आपल्याकडे जुने डॉक्टर सांगायचे, हवापालट करा, पाचगणीला जाऊन राहा. काही लोक खरंच बरे होऊन यायचे. हवेने झाले, की विश्रांतीने, की व्हायचेच होते म्हणून झाले, ते कोणी तपासत बसलं नाही. इथले समालोचक ट्रेडबद्दल अगदी याच थाटात बोलतात. नवं शहर, नवा गणवेश, नवी उमेद. मला ते पटत नाही. नुसत्या हवापालटाने कोणाची बॅट सुधारलेली मी पाहिलेली नाही. सावरलेले पाहिलेत, पण प्रत्येक वेळी काहीतरी ठोस कारण होतं, आणि बऱ्याचदा ते कारण ट्रेडच्या आधीचंच होतं.

अटलांटाकरांनी आता हात वर केले असतील, मला माहीत आहे. सोलेर! सांगते.

१० जुलै २०२१ ला मायामीत ब्रेव्ह्जचा हुकमी एक्का रोनाल्ड अकुन्या ज्युनियरच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि ब्रेव्ह्जचा मोसम संपला असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं. तोवर ब्रेव्ह्जने त्या वर्षी एकदाही पराभवांपेक्षा जास्त विजय नोंदवले नव्हते. ती वेळ यायला ऑगस्ट उजाडावा लागला. जनरल मॅनेजर अलेक्स अँथोपोलस यांनी काय केलं? त्या जुलैत त्यांनी चार आऊटफिल्डर गोळा केले. जॉक पीडरसन शिकागोहून, अ‍ॅडम डुव्हाल मायामीहून, एडी रोसारिओ क्लीव्हलँडहून आणि होर्हे सोलेर कॅन्सस सिटीहून.

सोलेर आला तेव्हा ९४ सामन्यांत त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .१९२. होमरन (मैदानापलीकडे गेलेला फटका, आपला षटकार म्हणा) १३. हाच माणूस २०१९ मध्ये त्याच कॅन्सस सिटीसाठी ४८ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला आला होता, तेही कॉफमन स्टेडियमसारख्या ऐसपैस मैदानात. म्हणजे मैदान मोठं होतं म्हणून तो अडकला होता, हे कारण बाद. कॅन्सस सिटीने त्याला मायनर लीगमधल्या एका पिचरच्या बदल्यात देऊन टाकलं. भंगारवाल्याला जुना पंखा द्यावा तसं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. ब्रेव्ह्जसाठी ५५ सामन्यांत .२६९, १४ होमरन. कॅन्सस सिटीत ९४ सामन्यांत जेवढे मारले त्याहून एक जास्तच. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या अंतिम लढतीच्या, पहिल्या सामन्यात पहिलाच हिटर म्हणून उतरला आणि होमरन मारला. वर्ल्ड सिरीजची सुरुवातच होमरनने, हे त्याआधी कोणी केलं नव्हतं. चौथ्या सामन्यात, आपल्या मैदानात, राखीव हिटर म्हणून आला आणि डॅन्सबी स्वान्सनपाठोपाठ मारून संघाला पुढे काढलं. आणि २ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये सहावा सामना, तिसरी इनिंग, दोन जण बेसवर, तीन बॉल दोन स्ट्राइक. फाऊल, पुन्हा फाऊल. मग लुइस गार्सियाचा चेंडू त्याने असा उचलला की तो डाव्या बाजूच्या रेल्वेरुळांवरून स्टेडियमबाहेर गेला. मी घरी सोफ्यावर होते. चेंडू कुठे पडला ते कॅमेऱ्यालाही सापडत नव्हतं. सोलेर सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला.

ही हवापालटाची गोष्ट वाटते ना? पण त्याचं .१९२ थोडं खरवडून बघा. ट्रेडच्या आधी, जुलैच्या शेवटच्या दिवसांत, त्याने कॅन्सस सिटीतच होमरनांचा सपाटा लावला होता. ताप उतरायला सुरुवात तिकडेच झाली होती. इकडे आल्यावर स्ट्राइकआऊटचं प्रमाणही उतरलं, साधारण २७ टक्क्यांवरून १९ च्या आसपास. वाईट चेंडूंच्या मागे तो धावेनासा झाला. अ‍ॅव्हरेज हा आकडा गेलेल्या चार महिन्यांचं ओझं डोक्यावर घेऊन चालतो, म्हणून माणूस बरा झाल्यावरही तो बराच काळ आजारीच दिसत राहतो. अँथोपोलस यांनी ओझं विकत घेतलं नाही, माणूस विकत घेतला. पडेल भावात.

आणि दुसरी गोष्ट, जी आपण सोयीस्कर विसरतो. त्यांनी एक नाही, चार जण घेतले. घसरलेल्या हिटरवर डाव लावायचा तर असा लावावा. एखादा फसला तर दुसरा, दुसरा फसला तर तिसरा, किंमत मामुली. त्यांचं नशीब असं की कमीजास्त प्रमाणात चौघेही उपयोगी पडले. रोसारिओ तर आला तेव्हा जखमी होता, खेळतही नव्हता. क्लीव्हलँडला त्याच्या बदल्यात पाब्लो सँडोव्हाल मिळाला, त्याला त्यांनी लगेच सोडून दिलं. याच रोसारिओने सप्टेंबरमध्ये एका सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन हे चारही मारले, आणि त्यासाठी त्याला सगळे मिळून पाचच पिच लागले. मग डॉजर्सविरुद्धच्या लीग चॅम्पियनशिप सिरीजमध्ये १४ हिट, .५६०, एमव्हीपी. पीडरसन गळ्यात मोत्यांची माळ घालून खेळायला लागला आणि स्टेडियममधले दाढीवाले बाप्येही मोती घालून यायला लागले. (माझ्या नवऱ्याने माझी तन्मणी मागितली होती. दिली नाही.)

रोसारिओ काही बिघडलेला हिटर नव्हता. पोटाचा स्नायू दुखावला होता, तो बरा झाला. यात अटलांटाच्या हवेचा काय संबंध?

खरं बिघडलेलं आणि खरं दुरुस्त झालेलं उदाहरण हवं असेल तर होसे बाउतिस्ता घ्या. २००४ या एकाच वर्षात तो पाच संघांच्या यादीत होता. ऑगस्ट २००८ मध्ये पिट्सबर्गने त्याला टोरांटोला देऊन टाकलं. तो ताबडतोब चमकला का? नाही. २००९ मध्ये पूर्ण मोसमात १३ होमरन. मधल्या काळात टोरांटोच्या प्रशिक्षकांनी, ड्वेन मर्फी आणि मॅनेजर सिटो गॅस्टन यांनी, त्याच्या मागे एकच धोशा लावला होता: सुरुवात लवकर कर. पिचरच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच पाय उचल, हात मागे घे. ९५ मैलांचा चेंडू ०.४ सेकंदात होमप्लेटवर येतो. त्यात उशिरा निघालेली बॅट कायम उशिराच पोचते. २००९ च्या शेवटी शेवटी ते त्याच्या अंगवळणी पडलं आणि २०१० मध्ये त्याने ५४ होमरन मारले. दोन्ही लीग मिळून सर्वांत जास्त. पुढच्या वर्षी ४३, पुन्हा पहिला.

म्हणजे ट्रेडने काय दिलं? सांगणारी नवी माणसं, आणि ती ऐकायला लागणारा वेळ. ट्रेड झाल्यापासून ५४ होमरनच्या मोसमापर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात तुम्ही-आम्ही टोरांटोत असतो तर किती वेळा पावती शोधली असती?

आता उलटं उदाहरण, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सोयीचंच सांगते. जोई गॅलो. जुलै २०२१ मध्ये टेक्सासहून यांकीजकडे आला. कागदावर यापेक्षा जमलेली सोयरीक नसेल. डावखुरा, उंच उचलून उजवीकडे मारणारा, आणि यांकी स्टेडियमची उजवी भिंत कोपऱ्यात फक्त ३१४ फुटांवर. न्यू जर्सीकरांनो, आठवतंय ना तुम्ही काय म्हणाला होतात? २०२१ च्या उरलेल्या मोसमात त्याने केले .१६०. पुढच्या वर्षी .१५९. हुर्यो इतकी उडाली की न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरायलाही नको वाटतं असं तो स्वतः बोलून बसला. २ ऑगस्ट २०२२ ला त्याला डॉजर्सकडे पाठवलं. लॉस एंजेलिस! ऊन, समुद्र, जिंकणारा संघ, हुर्यो नाही. हवापालटाने जर कोणी बरा व्हायचा असता तर तो हाच. डॉजर्ससाठी ४४ सामन्यांत त्याने केले .१६२.

गॅलोचा आजार हवेचा नव्हता. बॅट फिरली की चेंडू लागायचाच नाही, आणि स्ट्राइकआऊटचा आकडा इकडेही तिकडेही तसाच वर. जे मोजमाप नशिबावर सगळ्यात कमी अवलंबून असतं तेच बिघडलेलं असेल तर शहर बदलून भागत नाही. इथे मला प्रेक्षकांना दोषही द्यायचा नाही. हुर्योमुळे तो बिघडला असं मी म्हणणार नाही, कारण शांततेतही तो सुधारला नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांची जतहून शिराळ्याला बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. जतला उन्हाने फळा तापायचा, वर्गातली अर्धी मुलं घरी कानडी बोलायची. शिराळ्यात पावसाने शाळा गळायची आणि भाताच्या लावणीला मुलं गायब. गुरुजी तेच, खडूही तोच. पण पहिल्या सहामाहीचा निकाल बघून तिथले पालक म्हणाले, जतचे मास्तर काही खास दिसत नाहीत. ते ऐकून आई दोन दिवस जेवली नव्हती. ट्रेड झालेला हिटर रात्रीच्या विमानाने येतो, बायको-मुलं मागेच, हॉटेलची खोली, नव्या संघाच्या खाणाखुणा पाठ करायच्या, समोर कधी न खेळलेले पिचर. आपणही या देशात दोन बॅगा घेऊन उतरलो होतो ना? पहिल्या महिन्याचं आपलं अ‍ॅव्हरेज काय होतं?

हे इथलंच आहे असंही नाही. अजिंक्य रहाणेचं घ्या. २०२२ मध्ये कोलकात्यासाठी ७ सामन्यांत १३३ धावा, टी-ट्वेंटीतून बाद समजलेला. चेन्नईने ५० लाखांच्या मूळ किमतीत उचलला. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर, स्वतःच्याच गावात, मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१. त्या मोसमात १७२ च्या स्ट्राइक रेटने ३२६ धावा, आणि जूनमध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी पुन्हा भारतीय संघात. ओव्हलवर ८९ आणि ४६. डोंबिवलीच्या माणसाला चेन्नईची हवा मानवली असं म्हणायचं का? त्याला काम नेमकं सांगितलं गेलं होतं: आलास की मार, विकेट सांभाळायला दुसरे आहेत. रहाणे बदलला नाही, त्याची नोकरी बदलली.

आणि त्याच वानखेडेवर वर्षभराने आपण हार्दिक पंड्याचं काय केलं? त्याचा प्रश्न फॉर्मचा नव्हता, गुजरातहून परत येऊन रोहितच्या जागी कर्णधार झाल्याचा होता. नाणेफेकीला हुर्यो इतकी की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. मुंबई त्या वर्षी दहावी आली. ४ जुलैला विश्वचषकाची मिरवणूक आली तेव्हा तीच गर्दी "हार्दिक, हार्दिक" करत होती. आपला गळा कोणत्या बाजूला वळेल याचा काही नेम नाही, एवढंच म्हणते.

फिलाडेल्फियाकर मात्र यावर मान ताठ करतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ट्रे टर्नर .२३५ वर रखडला होता. ट्रेडने आलेला नाही, ३० कोटी डॉलरचा करार करून आलेला. म्हणजे शिव्यांना दुप्पट पात्र. देशातला सगळ्यात तिखट प्रेक्षकवर्ग, आणि ४ ऑगस्टला तो बॅट घेऊन आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. उरलेल्या मोसमात त्याने .३३७ केले, १६ होमरन. पुढे स्वतःच्या खर्चाने त्याने शहरात आभाराचे फलक लावले. टाळ्यांनी तो सुधारला का? माझं आकड्यांचं डोकं सांगतं, एवढा चांगला हिटर .२३५ वर फार काळ राहतच नाही, तो वर येणारच होता. पण फलक आकड्यांनी लावले नाहीत, त्याने लावले. तेव्हा मी यावर हट्ट धरणार नाही.

तर माझं मागणं असं आहे. नवा हिटर आला की पहिले तीन आठवडे त्याच्या हिट मोजू नका. मोजायचंच असेल तर हे मोजा: स्ट्राइक झोनच्या (होमप्लेटवरच्या, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीच्या) बाहेरच्या चेंडूंना किती वेळा बॅट घालतोय, स्ट्राइकआऊट किती, आणि चेंडू लागतो तेव्हा तो किती वेगाने निघतो. २०१५ पासून सगळ्या स्टेडियममध्ये हा वेग मोजला जातो आणि आकडे सगळ्यांना फुकट बघता येतात. ९५ मैलांच्या वर गेला की फटका दणकट. फटके दणकट, स्ट्राइकआऊट कमी आणि तरी अ‍ॅव्हरेज .१८०? तर थांबा, ऑगस्टच्या शेवटी बोलू. फटके मऊ आणि उलट्या के-ची रांग? मग पावती शोधायला मीही येते.

त्या दिवशीच्या आपल्या गृहस्थांचा चौथा चौकोन सांगायचा राहिला. आठव्या इनिंगमध्ये तो परत आला. मागच्या रांगेतले काका पार्किंगची गर्दी टाळायला उठून गेले होते. पहिला चेंडू बाहेर, सोडला. दुसरा बाहेर, सोडला. तिसरा त्याने सेंटर फील्डला असा मारला की खालचे लोक उभे राहिले, आणि फील्डरने भिंतीला पाठ टेकवून तो झेलला. वहीत लिहिलं, एफ आठ, म्हणजे सेंटर फील्डरने झेलला. चारात शून्य.

पुढच्या शनिवारी मी डाव्या बाजूला, वरच्या मजल्यावर असेन. भाकरवडी आणते. काका, तुमची जागा धरून ठेवते, पण आठवी इनिंग संपेस्तोवर उठायचं नाही.

कळावे,
आपली,
अल्फारेटातली एक स्कोअरबुकवाली